बशी फुटली कीं फोडली?

व्याकरण हा शब्द उच्चारतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील फळा, विभक्तींचे तक्ते आणि कर्तरि, कर्मणि, भावे या प्रयोगांची घोकंपट्टी उभी राहील. व्याकरण हें चुका टाळण्याचें शास्त्र, तें परीक्षेपुरतें शिकावें व परीक्षा संपतांच विसरावें, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. परंतु व्याकरणाकडे पाहण्याची आणखीही एक दृष्टि आहे. माणूस बोलतांना प्रत्येक वाक्यागणिक कांहीं रूपें उचलतो व कांहीं बाजूस ठेवतो. या निवडीनेंच अर्थ घडतो, आणि बोलणारा व ऐकणारा यांचें नातेंही तिच्यांतच घडतें, असें ही दृष्टि सांगते. हिला कार्यलक्षी भाषाविज्ञान म्हणतात. या महिन्यांत तिचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण विद्यापीठांत तिचा जेवढा उपयोग आहे, त्याहून आपल्या माजघरांत व स्वयंपाकघरांत तो अधिक आहे, असें आमचें मत आहे.

एक नेहमींचा प्रसंग घ्या. चहाची बशी खालीं पडून तिचे तुकडे झाले आहेत आणि आजी आंतून विचारते आहे, “काय झालं रे?” उत्तर देणाऱ्या मुलापुढें मराठी भाषा निदान तीन वाक्यें मांडून ठेवते. “मीं बशी फोडली.” “माझ्या हातून बशी फुटली.” “बशी फुटली.” घडलेली गोष्ट एकच, तुकडेही तेवढेच. पण पहिल्या वाक्यांत मूल कर्ता होऊन सर्व दोष पत्करतें. दुसऱ्यांत हात आपला असला तरी हेतु आपला नव्हता, असें तें सुचवितें. तिसऱ्यांत करणारा कोणी उरतच नाहीं. बशी जणूं आपली आपणच फुटली! ‘फोडणें’ सकर्मक आणि ‘फुटणें’ अकर्मक हें लहान मुलाला कोणीं शिकविलेलें नसतें. परंतु सकर्मक क्रियापदाबरोबर कर्ता येतो व कर्त्यामागून रागावणें येतें, एवढें त्यानें ओळखलेलें असतें. मोठीं माणसेंही याला अपवाद नाहींत. सुनेकडून सांडलें तर “तिनं तूप सांडलं” आणि स्वतःकडून सांडलें तर नुसतें “तूप सांडलं”, असें बोलणारीं माणसें कोणाच्या ओळखीचीं नाहींत?

आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट अपरिचित नव्हती. कारकें बोलणाराच्या विवक्षेवर अवलंबून असतात, असें संस्कृत वैयाकरणांनीं मानिलें आहे. ज्या भांड्यांत अन्न शिजतें त्याला ‘भांड्यांत शिजवितो’ असें म्हणून अधिकरण करतां येतें, ‘भांड्यानें शिजवितो’ म्हणून करण करतां येतें, आणि ‘भांडें शिजवितें’ म्हणून कर्ताही करतां येतें. भांडें तेंच, बोलणारानें त्याकडे कोणत्या नात्यानें पाहिलें, तेवढें बदललें. मराठीपुरतें बोलावयाचें तर १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें आणि १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झालें. या ग्रंथकारांनीं भाषेचीं रूपें व प्रयोग यांची मांडणी करून दिली, तिचें ऋण मोठें आहे. मात्र बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, आणि यांचा त्या रूपांशीं संबंध काय, हा प्रश्न विसाव्या शतकांत पाश्चात्य पंडितांनीं विशेष नेटानें हातीं घेतला.

त्याचा एक मोठा धागा थेट समुद्रांतील बेटांवरून येतो. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की हे मूळचे पोलंडचे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळांत न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तेथील लोक होड्या वल्हवितांना जें बोलत, त्याचें शब्दशः भाषांतर केलें तर कांहींच बोध होत नाहीं, असें त्यांना आढळलें. होड्या कोठें आहेत, चढाओढ कोणाकोणांत लागली आहे, बढाई कोण मारतो आहे, हें ठाऊक असेल तरच त्या शब्दांना अर्थ येई. १९२३ सालच्या एका निबंधांत त्यांनीं ‘प्रसंगसंदर्भ’ ही कल्पना मांडली. ती भाषाशास्त्रांत रुजविली लंडनच्या जे. आर. फर्थ यांनीं. हे फर्थ १९२८ पर्यंत लाहोरास पंजाब विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे (१९२५–२०१८) हे जन्मानें इंग्रज, अभ्यासानें चिनी भाषेचे पंडित. त्यांनीं १९७६ सालीं ऑस्ट्रेलियांत सिडनी विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग उभा केला व १९८५ सालीं कार्यलक्षी व्याकरणाचा परिचय करून देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

हॅलिडे यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रत्येक वाक्य एकाच वेळीं तीन कामें करीत असतें. पहिलें काम जगांतील घडामोड मांडण्याचें: कोणीं, काय, कोणाला केलें. बशीचीं तीन वाक्यें हीं या कामाचीं उदाहरणें होत. दुसरें काम बोलणारा व ऐकणारा यांचें नातें राखण्याचें. “दार लाव”, “दार लावा”, “दार लावावें”, “दार लावतोस का?”, “दार उघडंच राहिलं वाटतं” या पांचही वाक्यांनीं दार एकच लागतें, परंतु कोणतें वाक्य कोणाला उद्देशून म्हणावें हें आपण नातें पाहून ठरवितों. शेवटचें वाक्य तर आज्ञा नव्हेच, तरीही जाणती व्यक्ति तें ऐकून उठते! तिसरें काम बोलण्याला सलगपणा देण्याचें. “बशी कोणी फोडली?” या प्रश्नाला “बशी बाळूनं फोडली” असें उत्तर येतें, “बाळूनं काय फोडलं?” असें विचारलें तर “बाळूनं बशी फोडली” असें येतें. ज्याच्यावर भर द्यावयाचा तें पद क्रियापदाच्या अगदीं जवळ सरकतें. शब्द तेच, पण क्रम मागील बोलण्याशीं जुळवून घेतो.

आतां या तीन कामांची जोडी प्रसंगाच्या तीन अंगांशीं लागते. चाललें आहे काय, हें पहिलें अंग. मुंजीची तयारी, रोग्याची तपासणी कीं वाटणीची बोलणीं. बोलणारे एकमेकांचे कोण, हें दुसरें. आणि बोलणें कोणत्या वाटेनें चाललें आहे, तोंडीं, पत्रानें कीं भ्रमणध्वनीवरील दोन शब्दांच्या संदेशानें, हें तिसरें. म्हणूनच एखादें सुटें वाक्य ऐकूनही तें कोणीं कोणाला कोठें म्हटलें असेल, हें आपण बहुधा बरोबर सांगतों. प्रसंगावरून व्याकरण ठरतें, तसेंच व्याकरणावरून प्रसंग ओळखूं येतो. एवढेंच नव्हे, तर व्याकरणानें प्रसंग बदलतांही येतो; आणि कुटुंबाच्या दृष्टीनें हाच मुद्दा महत्त्वाचा आहे.

मराठींत ‘आम्ही’ व ‘आपण’ अशीं दोन निराळीं सर्वनामें आहेत. ‘आपण’ म्हटलें कीं ऐकणारा आंत येतो. ‘आम्ही’ म्हटलें कीं तो बाहेर राहतो. इंग्रजीसारख्या भाषेंत हा भेद नाहीं. हें सदर लिहितांना आम्ही ‘आम्ही’ लिहितों, तें वाचकांस दूर ठेवण्यासाठीं नव्हे, संपादकी रीत म्हणून. पण घरांत असें नसतें. नव्या सुनेनें कांहीं निराळ्या पद्धतीनें केलें कीं सासूबाई म्हणतात, “आमच्याकडे असं करत नाहींत.” वाक्यांत एकही कठोर शब्द नाहीं; स्वरही मृदु असेल. पण त्या एका सर्वनामानें सून उंबऱ्याबाहेर उभी राहते. तेंच “आपल्याकडे असं करतात” असें म्हटलें तर सूचना तीच राहते आणि सून घरांतली होते. उलट बाजूनेंही हें पाहावें. लग्नाला पुष्कळ वर्षें लोटलीं तरी सुनेच्या तोंडीं “तुमच्याकडचे” हा शब्द टिकून असेल, तर तो तिचा हट्ट समजण्यापूर्वीं, ‘आपल्या’ म्हणण्याइतकी जागा घरानें तिला दिली काय, हें वडीलधाऱ्यांनीं स्वतःस विचारावें.

दुसरें उदाहरण याहून नाजूक आहे. आपल्या घरांतून शुद्ध भाषेचा अभिमान परंपरेनें चालत आलेला आहे. घरीं काम करणाऱ्या बाई ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाल्या तर आठ वर्षांचा नातू हंसतो, आणि मोठीं माणसें त्याच्या चाणाक्षपणाचें कौतुक करतात. पण तोच नातू साठीच्या त्या बाईंना “तूं उद्यां लवकर ये” असें सांगतो, तेव्हां कोणाला कांहींच खटकत नाहीं. भाषाविज्ञानाच्या दृष्टीनें ‘पानी’ ही चूक नव्हे. ‘ण’च्या जागीं ‘न’ उच्चारणाऱ्या बोली महाराष्ट्रांत मोठ्या प्रदेशावर बोलल्या जातात आणि त्यांचे नियम आपल्या नियमांइतकेच पक्के असतात. तो ‘तूं’ मात्र विचार करण्याजोगा आहे. कारण आपली आजी असती तर ‘तुम्ही’ म्हणणारें मूल येथें वय बाजूस ठेवून दुसराच हिशेब करीत असतें. हा हिशेब त्याला कोणीं तोंडानें शिकविलेला नाहीं. घरांतील मोठ्यांचीं क्रियापदें ऐकून तें शिकलें. समाजांतील उच्चनीचता अशी व्याकरणाच्या वाटेनें, उपदेशाचा एक शब्दही न लागतां, पुढच्या पिढीकडे जाते. घरांत दुरुस्त करावयाचें काय, ‘पानी’ कीं ‘तूं’, याचें उत्तर प्रत्येक कुटुंबानें द्यावें.

मूल भाषा शिकतें म्हणजे काय, याचाही हॅलिडे यांनीं बारकाईनें अभ्यास केला. आपल्या मुलाच्या बोलण्याची टिपणें तो नऊ महिन्यांचा असल्यापासून त्यांनीं ठेविलीं व १९७५ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. खरा शब्द एकही येत नसतांना तें मूल ठराविक आवाजांनीं मागत होतें, आज्ञा करीत होतें, सलगी करीत होतें, आवड दाखवीत होतें. म्हणजे भाषेचीं कामें आधीं येतात, शब्द मागाहून येतात. हॅलिडे यांच्या पत्नी रुकैया हसन (१९३१–२०१५) या आपल्याकडील प्रतापगढच्या. त्यांनीं सिडनींतील २४ माता व त्यांचीं लहान मुलें यांचें घरगुती बोलणें ध्वनिमुद्रित करून अभ्यासिलें. मुलानें “का?” असें विचारलें असतां कांहीं माता कारण उलगडून सांगत, कांहीं थोडक्यांत विषय संपवीत. ज्या घरांतील कमावत्या माणसाला कामावर स्वतः निर्णय घेण्याची मुभा असे, तेथें सर्वसाधारणपणें पहिला प्रकार अधिक दिसला. प्रेम दोन्हींकडे होतें. परंतु शाळा ज्या रीतीचें बोलणें अपेक्षिते, त्याची संवय एकाच प्रकारच्या घरांत लागत होती. एकत्र कुटुंबांत मुलाच्या “का?”ला “मोठ्यांनी सांगितलं म्हणून” हें उत्तर वारंवार मिळतें. त्यानें शिस्त राहत असेल. पण कारण सांगण्याची व कारण मागण्याची भाषा मुलानें मग कोठें शिकावी?

शाळेची भाषा ही घरच्या भाषेहून निराळी असते, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. “पाऊस लांबला म्हणून पेरण्या खोळंबल्या” असें शेतकरी म्हणतो. पाठ्यपुस्तक म्हणतें, “पर्जन्यविलंबामुळें पेरणीस खोळंबा झाला.” क्रियापदांचीं नामें झालीं आणि दोन वाक्यांचें एक झालें. या रचनेनें विचार आटोपशीर होतो, शास्त्रीय विवेचन शक्य होतें. पण ती कानावर न पडलेल्या मुलाला पुस्तक परकें वाटतें, आणि त्याच्या बुद्धीलाच दोष दिला जातो. हॅलिडे यांच्या अनुयायांनीं १९८० नंतर सिडनींतील शाळांतून ही लेखनाची भाषा उघडपणें, पायरीपायरीनें शिकविण्याचा उपक्रम केला. मात्र या भाषेची दुसरी बाजूही मुलांस दाखवावी. “फी वेळेवर न भरल्यास दंड आकारण्यांत येईल” या सूचनेंत दंड आकारणारा कोण, हें कोठेंच नाहीं. बशी फुटली, पण फोडणारा दिसत नाहीं, त्यांतलाच हा प्रौढ प्रकार!

मग शुद्धलेखन, नियम हे सारे सोडून द्यावयाचे काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. निवड करावयाची तर भांडार ठाऊक असलें पाहिजे. ज्याला तीनच रूपें येतात तो तिहींतूनच निवडणार. प्रमाणभाषाही मुलांनीं उत्तम शिकावी. आमची सूचना एवढीच कीं, कर्तरि व भावे प्रयोग शिकवितांना “हा कोणता प्रयोग?” या प्रश्नाबरोबर “येथें हाच कां वापरला? दुसरा वापरला असता तर काय बदललें असतें?” हेही प्रश्न घालावे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर वर्तमानपत्रांतील एखादी सूचना किंवा दिवसभरांत घरीं बोललें गेलेलें एखादें वाक्य घेऊन मुलांसह असा विचार करून पाहावा. मुलांचें व्याकरण त्यानें पक्कें होईल. आणि मोठ्यांनाही आपण कोणाला आंत घेतों, कोणाला बाहेर ठेवतों व कोणाच्या माथीं दोष देतों, हें आपल्याच क्रियापदांवरून समजेल.