आधी उघडून तर बघा!

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नाही. कारण सांगायला जरा लाज वाटते, पण ताईने फोनवरून सगळ्या खानदानाला आधीच कळवलेलं आहे, तेव्हा लपवून काही उपयोग नाही. आमच्या बोटीचं इंजिन थंडीत फुटलं. म्हणजे, "थंडीने फोडलं" असं मी मे महिनाभर म्हणत होतो. खरं तर मीच फोडलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आम्ही मिनेसोटात राहतो. इथे उन्हाळा चार महिन्यांचा आणि तळी हजारो. त्यामुळे आमच्या गल्लीत निम्म्या घरांपुढे ट्रेलरवर बोट उभी दिसते. आमचीही आहे. 19 फुटी, 1994 सालची, कुणाच्या तरी तिसऱ्या हातातून आमच्याकडे आलेली. चार सिलिंडरांचं, तीन लिटरचं मर्क्रूझर इंजिन. त्याला गाडीसारखा रेडिएटर नाही. तळ्याचं पाणी आत ओढायचं, इंजिनभोवती फिरवायचं, गरम झालं की परत तळ्यात सोडायचं, असा सगळा साधा कारभार. साधा, पण त्यात एक मेख आहे. बोट ट्रेलरवर चढवली तरी ब्लॉकच्या पोटात पाणी राहतंच. ऑक्टोबरात ते काढलं नाही, तर पुढे त्याचा बर्फ होतो. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे 9 टक्के जास्त जागा मागतो, आणि बिडाला ताणता येत नाही. मग बीड तडकतं.

कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तशी इथे थंडीआधी बोट आवरावी लागते. मी आवरली होती हो! गुलाबी अँटिफ्रीझचे मोठे कॅन आणले, त्यावर ठळक अक्षरांत उणे 50 लिहिलेलं. इंजिन चालू करून ते पाइपातून आत ओढवलं, मागून गुलाबी धार बाहेर पडली, मी खूश. त्या धारेनेच घात केला. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. आमचा साधारण 60 अंशांना उघडतो. तोपर्यंत बाहेरून आलेलं द्रव ब्लॉकमध्ये न शिरता बाहेरच्या बाहेर निघून जातं. म्हणजे माझं गुलाबी पाणी मॅनिफोल्डला नुसतं नमस्कार करून गेलं, आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी जसंच्या तसं. मॅनिफोल्डमध्येही जुनं पाणी होतंच, त्यात मिसळून ते अँटिफ्रीझ पातळ झालं. कॅनवरचा आकडा न मिसळलेल्या द्रवाचा असतो, हे कॅन रिकामा झाल्यावर वाचलं. आधी सगळे प्लग उघडून पाणी काढायचं, प्लगच्या भोकात गंज आणि वाळू बसलेली असते म्हणून तार घालून ते मोकळं करायचं, आणि मगच अँटिफ्रीझ. वीस मिनिटांचं काम. मी केलं नाही.

मे महिन्यात इंजिन सुरू केलं तर बोटीच्या तळात पाणी साचायला लागलं. तेलाची कांडी काढून पाहिली, तर तेल पार दुधाळ, अमृततुल्यवाल्याच्या चहासारखं.

आणि इथून पुढे जे सुरू झालं, त्याबद्दल हे लिहितोय.

पहिल्या दुकानातल्या माणसाने कांडी पाहिली, मान हलवली आणि दहा मिनिटांत निकाल दिला: ब्लॉक गेला, इंजिन बदला. आकडा इतका, की तेवढ्यात आमच्यासारख्या दोन बोटी याव्यात. शेजाऱ्याने त्यावर कडी केली: "बोटच टाकून दे." ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, एवढ्या जुन्या वस्तूवर वेळ घालवणं हाच तोटा, तुझ्या तासाचा भाव काय ते बघ. उलट भारतातून भावोजींचा फोन. ते म्हणाले, तुम्ही अमेरिकेतले लोक सगळं फेकायलाच बसलेले असता, आपल्याकडे कोपऱ्यावरचा वेल्डर पाचशे रुपयांत जोडून देतो. चुलतभावाने तर फटीत भरायच्या पुटीचं नावसुद्धा सुचवलं.

मंडळी, ही दोन टोकं वाटतात ना? मला ती एकच वाटतात. या सगळ्यांपैकी एकानेही इंजिन बघितलं नव्हतं. "बदल" म्हणणाऱ्याने नाही आणि "जोड" म्हणणाऱ्याने तर नाहीच. एकाला आपण व्यवहारी आहोत याचा अभिमान, दुसऱ्याला काटकसरी आहोत याचा. इंजिन बिचारं ताडपत्रीखाली तसंच.

बघायला सांगणारा एकच माणूस निघाला. कोल्हापूरचे दादाकाका. शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांनी 31 वर्षं काढली, पॅटर्न आणि कोअरच्या कामात. मी अर्धा तास कहाणी सांगितली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "उघडून बघितलंस काय?"

नव्हतं बघितलं.

मग त्यांनी मला बरंच शिकवलं. पहिलं म्हणजे, दुधाळ तेल त्याच दिवशी काढ, नवं भर, इंजिन हाताने फिरव, परत काढ. निर्णय महिन्याने घेतलास तरी चालेल, बेअरिंगं गंज चढायला महिना थांबत नाहीत. (हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ज्याला इंजिन विकायचं आहे तो जुन्याच्या बेअरिंगांची काळजी कशाला करेल?) दुसरं, ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात. इथे त्यांना सर्रास फ्रीझ प्लग म्हणतात, आणि बर्फ झाला की त्या बाहेर पडून ब्लॉक वाचवतात अशी लोकांची श्रद्धा आहे. माझीही होती, कारण आमच्या टोप्या जागच्या जागी होत्या आणि त्यावरून मी ब्लॉक शाबूत असल्याचं अनुमान काढलं होतं! काका हसले. ती भोकं ओतकामात कोअरची वाळू बाहेर काढण्यासाठी असतात, नंतर टोपी ठोकून बंद करतात. कधी टोपी आधी सुटते, कधी भिंत आधी तडकते.

तिसरं भावोजींसाठी. घरातला बिडाचा तवा तापलेला असताना गार पाण्याखाली धरला तर काय होतं, हे ताईला विचारा. वेल्डिंगमध्ये तेच होतं. एक इंच जागा लालबुंद, बाकीचा ब्लॉक थंड, आणि निवताना जोडाच्या शेजारी नवी तडा. नीट करायचं तर सगळा ब्लॉक काही शे अंशांपर्यंत तापवून, मग सावकाश निववावा लागतो. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे तेवढी भट्टी नसते. तेव्हा पाचशे रुपये वाचत नाहीत, ब्लॉक मात्र नक्की जातो.

दोन मित्र, एक उसना हॉइस्ट आणि एक शनिवार, एवढ्यात इंजिन बाहेर आलं. इथून दोन तासांवर ट्रॅक्टरची जुनी इंजिनं करणारं एक वर्कशॉप आहे, तिथे नेलं. त्यांनी पाण्याच्या वाटा बंद करून आत हवेचा दाब दिला आणि साबणाचं पाणी लावलं. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर बोटभर उंचीवर, साधारण वीतभर लांबीची तडा. बुडबुडे तिथेच. आतल्या भिंती, सिलिंडर, हेड, सगळं घट्ट. मग तेलात पाणी आलं कुठून? मॅनिफोल्डमधून! त्याची आतली भिंत फुटली होती, तिथून पाणी सिलिंडरात आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात. म्हणजे ज्या दुधावरून ब्लॉकला फाशी सुनावली होती, ते दूध ब्लॉकचं नव्हतंच.

मॅनिफोल्ड आम्ही सरळ नवा घेतला. तो जोडायच्या भानगडीत पडलो नाही, कारण आतली भिंत दिसतही नाही आणि नवा परवडण्याजोगा मिळतो. ब्लॉक मात्र शिवून घेतला. शिवून म्हणजे, तडेच्या रेषेवर भोकं पाडायची, आटे पाडून त्यांत पिना पिळायच्या, प्रत्येक पीन शेजारच्या पिनेत थोडी शिरलेली, आणि तडेच्या दोन्ही बाजूंना पकडून ठेवायला आडवे लॉक. उष्णता अजिबात नाही. घासून रंग मारल्यावर कुठे शिवलंय ते मला शोधावं लागतं.

तडा सिलिंडरच्या भिंतीत निघाली असती तर मी दुसरा ब्लॉक घेतला असता, कुरकुर न करता. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांतला मी नाही. या शिवण्यात उन्हाळ्याचे सहा आठवडे गेले, हेही खरं. मुलांनी त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. पण सगळं मिळून खर्च दुकानदाराच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसला.

कुणी म्हणेल, एका जुनाट बोटीवरून एवढं काय. तर एक गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या बंदरांत बऱ्याच जर्मन बोटी अडकून होत्या. 1917 साली अमेरिका युद्धात उतरणार असं दिसल्यावर त्यांच्या खलाशांनी इंजिनांचे बिडाचे प्रचंड सिलिंडर घणाने फोडले. हिशेब सरळ होता: नवे सिलिंडर ओतायला शत्रूचं वर्ष तरी जाईल. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचंही आधी तेच मत, बदला. न्यूयॉर्क नेव्ही यार्डमधल्या कॅप्टन जेसप यांना ते पटलं नाही. विजेच्या वेल्डिंगने हे जोडता येईल, असं त्यांनी लावून धरलं. फुटलेल्या कडांत स्टीलचे स्टड बसवून वेल्डिंग केलं, कुठे यांत्रिक ठिगळं लावली, आणि वर्ष संपता संपता त्या बोटी सैनिक घेऊन अटलांटिक ओलांडू लागल्या. ज्यांनी फोडल्या त्यांनी आणि ज्यांनी "बदला" म्हटलं त्यांनी, दोघांनीही तुकड्यांकडे बघून त्यांना भंगार ठरवलं होतं.

असो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात गेली. तेल दोनदा बदलूनही फिकट होतं, तिसऱ्यांदा स्वच्छ निघालं. मी कांडीचा फोटो काढून दादाकाकांना पाठवला. उत्तर आलं, "तार आणलीस काय?"

आणली आहे. स्टिअरिंगला बांधून ठेवली आहे, ऑक्टोबरसाठी.