खोली न मिळालेले संगीत

गणपती, नवरात्र, श्रावणातली कावड, एप्रिलमधली जयंती. सण कोणताही असो, त्याच्या आठ दिवस आधी अमरावती-अकोल्यात एक इशारा ठरलेला असतो: डीजे वाजवाल तर कारवाई होईल. सण येतो, डीजे वाजतो, काही ठिकाणी कारवाई होते, पुढच्या सणाला पुन्हा तोच इशारा. वाचकांच्या पत्रव्यवहारात एक बाजू ‘आमच्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड होते’ असे लिहिते, दुसरी ‘फक्त आमच्याच सणाला नियम का?’ असे विचारते. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा वाद संपत नाही. पण ज्याच्यावरून एवढे भांडण चालले आहे, ते नेमके काय आहे हे कोणी फारसे पाहत नाही, अशी माझी तक्रार आहे.

जगात इतरत्र डीजे म्हणजे माणूस. आमच्या वऱ्हाडात डीजे ही गाडी आहे! ‘डीजे आला’ म्हटले की मालवाहू गाडी आली, तिच्यावर बेसच्या पेट्यांची भिंत आली, वर टॉप, मागे जनरेटर, फिरते दिवे. त्या भिंतीच्या आड लॅपटॉप घेऊन एक मुलगा बसलेला असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि ज्याने ते संगीत बनवले तो तर मिरवणुकीत असेलच असेही नाही. तो बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एखाद्या खोलीत, भावाच्या खाटेला टेकून, जुन्या संगणकावर पुढचे गाणे जुळवत असतो. गाडीमालक, वाजवणारा आणि बनवणारा अशी ही तीन माणसे आहेत, आणि आपण तिघांना एकाच शब्दात कोंबून शिव्या देतो.

या तिसऱ्या माणसाविषयी मला कुतूहल आहे. अशी काही पोट्टी माझ्या ओळखीची आहेत. त्यांचे काम मी तासन् तास बसून पाहिले आहे. एखादे भीमगीत घ्यायचे, त्यातला आवाज संगणकाने सुटा करायचा, खाली चार मात्रांचा सरळ ठोका टाकायचा, मग त्यात लग्नात मोबाइलवर टिपलेले डफडे किंवा संदलची एखादी थाप अशी बसवायची की ठोका एकदम वऱ्हाडी होऊन जातो. मधे मधे बनवणाऱ्याचे नाव पुकारले जाते. हे पुकारणे अनेकांना आगाऊपणाचे वाटते, मला वाटत नाही. भजनाच्या शेवटच्या कडव्यात संत आपली नाममुद्रा घालतात, गाणे गावोगाव गेले तरी कुणाचे ते कळावे म्हणून. या मुलांचे गाणेही पूर्वी मेमरी कार्डवरून आणि आता यूट्यूबवरून असेच फिरते, आणि कोणीही उचलून स्वतःचे म्हणून वाजवते. गाणे फारच चालले तर मूळ ध्वनिमुद्रणाची मालक कंपनी हक्क सांगते आणि जाहिरातीचे पैसे तिच्याकडे जातात. कायद्याने ते बरोबरच आहे. पोट्ट्याच्या हाती उरते ते चौकात झालेले कौतुक.

हे सगळे वाचून आठवण होते ती थेट अमेरिकेतल्या शिकागोची. 1977 साली तिथे ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला आणि न्यू यॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे तबकड्या वाजवू लागला. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण, म्हणजे ज्यांना शहरातल्या चकचकीत नाचघरांत मान नव्हता ते. तिथे दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे, आणि नाच पहाटेपर्यंत चाले. 12 जुलै 1979 रोजी त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटाने उडवून देण्यात आला. ‘डिस्को बंद करा’ असा तो जाहीर इशाराच होता म्हणा! डिस्को खरोखर मागे हटला, पण वेअरहाउसमध्ये ठोका चालूच राहिला. त्या इमारतीच्या नावावरूनच ‘हाउस’ हे नाव पडले, असे सहसा सांगितले जाते. पुढे रोलंड कंपनीची ठोके देणारी यंत्रे, जी दुकानात फारशी खपली नव्हती, ती जुन्या बाजारात स्वस्तात घेऊन तिथल्या मुलांनी घरी बसून स्वतःचे संगीत केले. 1987 च्या जानेवारीत त्यातले एक गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि बाजार जागा झाला. 2023 साली शिकागो शहराने वेअरहाउसची इमारत अधिकृत वारसा म्हणून जाहीर केली.

साम्य सांगण्याचा मोह मोठा आहे, पण महत्त्वाचा आहे तो फरक. त्यांना खोली मिळाली होती. चार भिंतींच्या आत, तीच माणसे दर आठवड्याला येणार, सहा-आठ तास थांबणार, म्हणून वाजवणारा सावकाश चढत जाऊ शकतो. हाउसचा ठोका मिनिटाला साधारण 120 ते 130 असतो आणि त्यात बदल इतके हळू होतात की नाचणाऱ्याला ते पायांतून कळतात. आमच्या पोट्ट्यांना मात्र रस्ता मिळाला. रस्त्यावर मिरवणूक सरकत असते, मागे दुसऱ्या मंडळाची गाडी असते, ऐकणारा दर दोन मिनिटांनी बदलतो. तिथे सावकाश चढणे म्हणजे हरणे. दीड मिनिटात गाणे तोडा, ठोका थांबवा, शिट्टी द्या, पुन्हा आदळा. संगीत असे झाले ते मुलांच्या अभिरुचीमुळे नव्हे, जागेमुळे.

आणि जागेपाठोपाठ धंदा आला. मंडळ गाडी ठरवते ते गाण्यावरून नव्हे, पेट्या मोजून. आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीवर चढली पाहिजे, एवढीच अट. मग बनवणाऱ्यालाही सांगितले जाते की शब्द कमी कर, बेस वाढव. ज्या गाण्यात वामनदादा कर्डकांसारख्या कवीने आयुष्य ओतले, त्याचे दोन शब्द उरतात आणि बाकी दणका. इर्विन चौकात 14 एप्रिलच्या रात्री उभे राहून मी हे ऐकले आहे. नाचणाऱ्यांचा आनंद अस्सल होता, यात शंका नाही. याच शहरात 1927 साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्यासाठी बाबासाहेब आले होते, त्या रस्त्यांवर आपल्या गाण्याचा आवाज मोठा व्हावा असे वाटण्यामागे इतिहास आहे. पण शेजारची गाडी फिल्मी गाणे तितक्याच जोरात वाजवत होती, आणि शंभर पावलांवरून दोन्ही सारखीच ऐकू येत होती. माझ्या मते या संगीताचा खरा पराभव इथे आहे. धंद्याने त्याला बंद केले नाही, स्वतःसारखे करून टाकले.

आता म्हाताऱ्यांच्या छातीतल्या धडधडीविषयी. ती मानसिक नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलची मोजणी अशी की दर 10 ने ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 105 डेसिबल म्हणजे 55 च्या दुप्पट नव्हे, एक लाख पट! कानाच्या संरक्षणाचा एक रूढ हिशेब 85 डेसिबलला आठ तास देतो आणि 100 ला पंधरा मिनिटे. पुढची गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. नियमातले माप माणसाच्या कानाप्रमाणे जुळवलेले असते, आणि कान खर्जाला मंद असल्याने मापकही खर्जाचा आवाज फार कमी धरतो. 50 हर्ट्झच्या बेसची ध्वनिलहर जवळजवळ सात मीटर लांब असते. ती भिंत ओलांडते, खिडकीची काच थरथरवते, छातीत शिरते, आणि मापकावरचा आकडा त्या मानाने सौम्यच दिसतो. आजी आणि मापक यांच्यात मतभेद झाला तर मी आजींच्या बाजूने आहे.

न्यायालयांनीही हेच सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी पक्की केली, आणि 2018 च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नजरेविषयी. 2007 साली गोव्यात कांदोळीला सनबर्न सुरू झाला, 2016 साली तो पुण्यात आला. त्यावरही वाद झाले, पण तिथे तिकीट, परवाना, प्रायोजक आणि मैदान असते, म्हणून त्याला ‘महोत्सव’ म्हणायचे. त्याच्या आधी हणजूणच्या किनाऱ्यावर कॅसेटी घेऊन जमणाऱ्यांचे जे भूमिगत संगीत होते, त्यातूनच हा बाजार उभा राहिला. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्यांचा नाच मात्र ‘उपद्रव’.

डफडेवाल्यांचेही ऐकले पाहिजे. वऱ्हाडात लग्न-मिरवणुकीत वाजवणे बहुतांशी मातंग समाजाच्या वाट्याला आलेले. ते जातीने लादलेले काम होते, म्हणून ते सुटले तर दुःख करण्याचे कारण नाही. पण ते सुटले ते सन्मानाने नव्हे, गाडीने ढकलल्यामुळे. कान मात्र इथे तयार आहे. तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर गावेच्या गावे जागी केली, अकोटकडचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकट्याने वाजवून कीर्तन करतात. शब्द ऐकू येतील असा ठेका वऱ्हाडाला परका नाही.

तेव्हा आवाजाची मर्यादा सर्व सणांना, सर्व मंडळांना सारखी लावावी, खर्जाचे माप वेगळे घ्यावे, एकाच मिरवणुकीत पेट्यांची संख्या बांधून द्यावी. आणि सोबतच या पोट्ट्यांना छप्पर द्यावे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तरुणांसाठी मंच आहे, शहरांत सभागृहे आहेत, संध्याकाळी सहा ते दहा ही वेळ कायदेशीर आहे.

परवा मी त्यातल्या एकासोबत एका सभागृहाच्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “डीजे? जमत नाही हो भाऊ. वाद्यवृंद लिहा, मंग पाहू.” मुलाने माझ्याकडे पाहिले, पेन मागून घेतले, शब्द खोडला आणि वर ‘वाद्यवृंद’ लिहिले. वाद्यांच्या रकान्यात काय भरायचे, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. शेवटी त्याने लिहिले: डफडे, खंजेरी, संगणक.