फ्रीज, माठ आणि आईचं इन्सुलिन

मंडळी, मे महिना आला की आपण पुण्यातले नोकरदार दोन कामं हमखास करतो. एसीचं सर्व्हिसिंग करून घेतो, आणि गावी फोन लावून "उन्हात फिरू नका हं" असं बजावतो. दुसऱ्या कामाला पैसे पडत नाहीत. उपयोगही साधारण तेवढाच होतो.

माझं गाव भोकरदन, जिल्हा जालना. आई पासष्टीची. डायबेटिस जुना, आणि गेली काही वर्षं इन्सुलिन. मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि वळवाचं वारं सुटलं की लाईट गेलीच म्हणून समजा! ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी फ्रीज म्हणजे नुसतं दार असलेलं कपाट. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की शहरातून गावाकडे जाणारे डायबेटिसचे बहुतेक सल्ले चोवीस तास वीज आणि नळाला पाणी गृहीत धरतात. आमच्या धंद्यात असा कोड लिहिणाऱ्याला टेस्टिंगवाले उभा जाळतील.

आता इन्सुलिनचं बघू. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली बाटली उन्हात राहिलेल्या बाटलीइतकीच वाया जाते. वापरात असलेली बाटली मात्र साधारण २५ ते ३० अंशांखाली महिनाभर चालते (नेमका आकडा पाकिटातल्या कागदावर असतो, तो वाचा). म्हणजे रोजच्या बाटलीला फ्रीज हवाच असं नाही, गारवा हवा. आणि गारव्यासाठी मराठवाड्यात काय वापरतात? माठ!

मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. ठेवायचं सावलीत, पण वारा लागेल असं. कपाटात कोंडलं तर काही उपयोग नाही. मागच्या मे मध्ये मी एक साधा थर्मामीटर घेऊन गेलो होतो. दुपारी तीनला खोलीत ३७, मडक्यात २६. आई म्हणाली, "आरं, माठात पाणी गार होतं हे बघाया इंजिनिअर कशाला लागतो?"

असो. यामागचं गणित मात्र गमतीचं आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर माठ तत्त्वतः २३ च्या आसपास उतरू शकतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर २८ च्या खाली जाणं शक्यच नाही. म्हणजे या एका बाबतीत भोकरदन मुंबईच्या पुढे आहे. (तसंही हे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात इथे सातवाहनकाळाचे अवशेष निघाले, त्यात खापरं आलीच. माठाचा अनुभव आम्हाला बराच जुना आहे.)

हे गावठी जुगाड नाही बरं का. २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतली अशी मातीची भांडी आणि इतर साधनं मोजून बघितली गेली, आणि तापमान उतरतं हे दिसलं. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतलं तापमान घेऊन, २५ ते ३७ अंशांत हेलकावे खाणाऱ्या इन्सुलिनची तपासणी केली. चार आठवडे ते टिकलं. अर्थात ही परवानगी वापरातल्या बाटलीला. साठ्याची बाटली मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्येच राहू द्यावी आणि लागेल तशी आणावी.

पण बाटली सांभाळली म्हणजे झालं असं नाही. उन्हात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, इन्सुलिन भराभर शोषलं जातं आणि साखर अचानक खाली येऊ शकते. त्याचं लक्षण काय? घाम आणि थकवा. मे मध्ये भोकरदनात घाम आणि थकवा कुणाला नसतो? म्हणून अंदाज बांधत बसू नये, ग्लुकोमीटर लावावा. त्याच्या पट्ट्यांनाही ऊन चालत नाही, त्या खिडकीत ठेवू नका.

उलट बाजूला पाण्याची कमतरता. पाणी कमी पडलं की साखर चढते, चढली की लघवी जास्त, मग पाणी आणखी कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यात ब्लडप्रेशरची लघवीची गोळी असली तर बघायलाच नको. स्वतःहून बंद करायची नाही, पण उन्हाळ्यात डोस काय आणि जुलाब-उलट्या झाल्या तर कुठली गोळी थांबवायची, हे एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं. आणि तालुक्यात टँकर सुरू झाले की घरातली बाई सगळ्यांना पाजून उरलेलं पिते, हे कुठल्याच प्रिस्क्रिप्शनवर नसतं. "भरपूर पाणी पी" म्हणण्याआधी पाणी कधी आलं होतं ते विचारा.

मी आता रविवारच्या फोनवर "बरी आहेस ना?" विचारत नाही, कारण त्याचं उत्तर कायम "बरी हाय" असतं. लाईट किती तास गेली, मडक्यावरचं फडकं ओलं आहे का, सकाळची साखर किती, चप्पल न घालता अंगणात गेलीस का, एवढं विचारतो. चपलेच्या प्रश्नावर ती अजून विषय बदलते.