घरचा सर्व्हर हवाच!

“नवशिक्याने घरी वेब सर्व्हर मांडण्याच्या भानगडीत पडू नये,” हा उपदेश हल्ली फार स्वस्त झाला आहे. आपले लेख, आपली छायाचित्रे आपल्याच संगणकावरून जगाला दाखवावीत, यात भानगड कसली? १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालविला, तो आपल्या टेबलावरच्या संगणकावरच! आज लिनक्स फुकट, अपाची फुकट. अडगळीतला जुना संगणकही या कामाला पुरतो.

“पण मोठ्या कंपन्या जागा देतात ना?” देतात; भाडेकरूला देतात तशी! २००९ साली याहूने अमेरिकेतले जिओसिटीज मोडले, २०१४ साली गूगलने ऑर्कुट. हौसेने थाटलेल्या त्या बिऱ्हाडांना कोणी विचारले?

धोका आहे, हे कबूल. दार उघडले की चोर टपणारच. म्हणून ८० आणि ४४३ एवढीच पोर्टे बाहेरच्यांना उघडावीत, सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात, मजकुराची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी. खरी अडचण निराळीच! कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटतात; मग बाहेरचा पाहुणा आपल्या दाराशी पोचणार कसा? रागवायचेच तर नवशिक्यावर नव्हे, या कंजूषपणावर रागवा. पैसे मोजता, तर स्वतंत्र पत्ता मागा!

बाजारात तयार किल्ले मिळतात, म्हणून आपली मुले दिवाळीत माती कालवायची थांबली काय? बुरूज ढासळतो, ती पुन्हा रचतात. किल्ला बांधायला शिकतात, ती अशीच.