आधार कधी सोडवायचा?

एकदा पडून उठलेल्या आजोबांच्या केस पेपरवर व्यायाम म्हणून काय लिहिलेले सापडते? ‘रोज अर्धा तास चालावे’ आणि खुर्चीत बसून गुडघे सरळ करण्याचे दहा-दहाचे दोन सेट. गुडघ्याला याचा उपयोग होईल. तोलाला फारसा नाही.

कॉक्रेनच्या 2019च्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटले. तोलाच्या व्यायामांना ताकदीच्या व्यायामांची जोड दिली तेव्हा सुमारे 34 टक्क्यांनी. नुसत्या चालण्याच्या बाजूने मात्र ठाम पुरावा मिळाला नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील कॅम्पबेल, रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली ऐंशी व त्यापुढच्या वयाच्या 233 स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. जिम नाही, महागडे यंत्र नाही. घोट्याला बांधायचे वजन, टाचांवर-चवड्यांवर चालणे, उलटे चालणे, एका पायावर उभे राहणे, एवढेच. आणि पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्टच्या चार गृहभेटी. पुढच्या चाचण्या धरून या कार्यक्रमाने पडणे सुमारे 35 टक्क्यांनी कमी केले. त्यातली खरी मेख अशी, की प्रत्येक भेटीत व्यायाम थोडा अवघड केला जाई.

आपण नेमके इथेच कचरतो.

घरातला स्वयंपाकाचा ओटा हा उत्तम आधार. मागे भक्कम खुर्ची ठेवावी, शेजारी घरातले कोणी असावे. पाय जुळवून, दोन्ही तळवे ओट्यावर. मग एक हात. मग दोन बोटे. मग हात ओट्याच्या चार बोटे वर, लागलाच तर टेकवायला. दहा सेकंद स्थिर राहता आले की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून पुन्हा पहिल्यापासून. या पायरीवर रुग्ण डुलतो, घोटे थरथरतात, आणि थेरपिस्ट घाबरून ‘धरूनच करा’ म्हणतो. ते डुलणे सावरणे हाच तर व्यायाम! तिसऱ्या महिन्यातही दोन्ही हात ओट्यावरच असतील, तर शरीराला सावरायला शिकवले कुणी?

भीती अनाठायी नाही. उभे राहताच रक्तदाब उतरतो का, चक्कर येते का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी विचारायलाच हवे. पण ती तपासणी झाल्यावर सावधगिरीच्या नावाखाली व्यायाम सोपाच ठेवणे हा आळस आहे.

तेव्हा पुढच्या भेटीत केस पेपरवर ‘व्यायाम चालू’ एवढेच लिहू नका. किती सेकंद उभे राहिले ते लिहा, आणि आधार दोन हातांचा, एका हाताचा की बोटांचा होता, तेही.