मोर्चाचा फोटो आणि जोडकाम

‘फोटो जोडण्यात कसले पाप? पूर्वीपासून जोडतातच की!’ असे म्हणणारे आपल्या सीमाभागात हल्ली वाढले आहेत. त्यांना इतिहासाचा आधार हवा असेल तर तो आहे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हा आकाश आणि पाणी एकाच काचेवर नीट उमटत नसे. त्याने दोन काचा घेऊन क्षितिजरेषेवर सांधा जुळवला. पण ते चित्र होते, आणि चित्र म्हणूनच लोकांनी पाहिले. आमच्या स्मरणिकेतला मोर्चा चित्र आहे काय?

फोटोशॉपमध्ये १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. एका फोटोवर दुसरा ठेवायचा आणि वरच्याला मास्क लावायचा. मास्कवर काळा रंग फिरवला की तेवढा भाग झाकतो, पांढरा फिरवला की पुन्हा दिसतो, करडा दिला की अर्धामुर्धा. मऊ ब्रशने कड फिरवली की सांधा शोधून सापडत नाही. मौज अशी की मूळ फोटोतला एक कणही पुसला जात नाही. मास्क काढा, सारे जागच्या जागी. म्हणून मी मास्कला दोष देत नाही. लबाडी पुढे होते. सगळे लेयर दाबून एक केले जातात आणि खाली ओळ छापली जाते, ‘विराट जनसमुदाय’!

दिवंगत वडिलांना लग्नाच्या फोटोत उभे करून द्या, म्हणून लोक स्टुडिओत येतात. खुशाल द्यावे. घरातल्या पोरासोरांनाही खरे काय ते ठाऊक असते.

पण नाव न घेता सांगतो, एका स्मरणिकेतल्या मोर्चात काठी टेकत चाललेले एकच आजोबा मला दोन ठिकाणी दिसले. अर्ध्या लोकांच्या सावल्या डावीकडे, अर्ध्यांच्या उजवीकडे. दोन्ही फोटो खरेच होते, असा खुलासा मला मिळाला. २००३ साली बसऱ्याजवळ ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या ब्रायन वॉल्स्कीनेही दोन खरेच फोटो जोडले होते. एकातला ब्रिटिश सैनिक, दुसऱ्यातला मूल घेतलेला माणूस. जागा तीच, वेळ जवळजवळ तीच. मागे बसलेली माणसे दोनदा उमटली आणि त्याची नोकरी गेली.

आपले तर नोकरीहून मोठे काही पणाला लागले आहे. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्यांपाशी सत्ता नाही; आहे तो पुरावा. ते दुहेरी आजोबा उद्या विरोधकाने बोट ठेवून दाखवले, तर उन्हातान्हात खरोखर आलेल्या माणसांनाही तो खोटे ठरवील. आणि त्याला आपण काय उत्तर देणार? पाचशे आले असतील तर पाचशेच छापा.

जोडायचेच असेल तर फोटोखाली, बारीक टायपात का होईना, ‘दोन फोटो जोडून’ असे लिहा. लेयर न दाबलेली मूळ फाइल कार्यालयात ठेवा, आणि मागेल त्याला, विरोधकालासुद्धा, उघडून दाखवा.