पडवींतील मोटारसायकल

यंत्र थांबलें म्हणजे तें मेलें, अशी आपल्या समाजांत एक समजूत होऊन बसली आहे. थकल्या बैलाच्याहि शिंगांस पोळ्याच्या दिवशीं रंग लागतो. परंतु ज्या मोटारसायकलीनें वर्षानुवर्षें बाजारहाटाचें ओझें वाहिलें, ती एकदां बंद पडली कीं पडवींत खुराड्याशेजारीं जाऊन बसते आणि एके दिवशीं भंगारवाल्याच्या कांट्यावर चढते. दिग्रससारख्या कापसाच्या पेठेंत व आसपासच्या खेड्यांत कोणाच्या आजोबांची अशी गाडी अजून पडून असेल, तर ती वजनावर विकूं नये. तिचें इंजिन उघडून पुन्हां उभें करावें, आणि त्या कामीं घरांतील शाळकरी मुलामुलींस हात लावूं द्यावा, असें आमचें मत आहे. तें पुष्कळ पालकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

उदाहरणादाखल जावा गाडीच घ्या. यानेचेक व वांडरर या दोन नांवांच्या आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. फ्रांतिशेक यानेचेक यांनीं चेकोस्लोव्हाकियांत १९२९ सालीं या गाड्या काढण्यास आरंभ केला. मुंबईचे रुस्तम इराणी हे प्रथम त्या परदेशाहून आणवीत; पुढें म्हैसूर येथें कारखाना उभा राहून १९६१ पासून त्या तेथेंच तयार होऊं लागल्या. कांहीं वर्षांनीं त्यांस येझडी हें नांव मिळालें, आणि १९९६ मध्यें तो कारखाना बंद पडला. २०१८ नंतर याच नांवांच्या नव्या गाड्या पुन्हां रस्त्यावर दिसूं लागल्या आहेत खऱ्या, पण त्यांचें इंजिन अगदीं निराळें. त्याचे भाग जुन्या गाडीस लागत नाहींत. तेव्हां जुनी गाडी जगवावयाची तर सारी भिस्त दुरुस्त करणाऱ्याच्या हातावर. (जिनें किक मारावयाची, तीच दांडी पुढें वळवून गिअर बदलावयाचा, ही या गाडीची मौज ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ती विसरतां येत नाहीं.)

आतां अशी गाडी बाहेर काढली कीं पहिली गोष्ट काय होते? चार जण जमतात आणि पांचवा किकवर उभा राहतो. हें सर्वथा त्याज्य होय. दहा पावसाळे बंद असलेल्या इंजिनांत पिस्टनाच्या रिंगा गंजून सिलिंडरास धरलेल्या असतात. वरून भार दिला म्हणजे रिंग तुटते, नाहीं तर किकचे दांते जातात. प्लग काढून त्या भोंकांतून थोडें डिझेल किंवा पातळ तेल सोडावें आणि चार-आठ दिवस गाडीकडे पाहूंहि नये. तेवढ्यानेंहि पिस्टन न सुटला तर हेड काढून लांकडी ठोकळ्यावरून हलके ठोके द्यावे. हातोड्याचा प्रत्यक्ष स्पर्श पिस्टनास होतां कामा नये.

मिस्त्रीलोक सिलिंडर-पिस्टनाच्या कामास हाफ इंजिन म्हणतात व खालची पेटी फोडून क्रँक बाहेर काढण्यास फुल इंजिन म्हणतात. पैसे वांचविण्यासाठीं हाफ इंजिनावर भागवावें, असा मोह सर्वांस होतो. आमच्या मतें फार दिवस पडलेल्या गाडीस ही काटकसर महागांत पडते. ह्या टू-स्ट्रोक इंजिनांत झडपा नाहींत. पिस्टन स्वतःच वर-खालीं होतांना सिलिंडरांतील वाटा उघडतो व मिटतो, आणि खालीं येतांना पेटींतील ताजी वाफ दाबून वर पाठवितो. म्हणून पेटी हवाबंद असली पाहिजे. क्रँकच्या टोकांशीं असलेलीं रबरी सीलें वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनीं कडक होतात. त्यांतून बाहेरची हवा आंत शिरते, पेट्रोलाचें प्रमाण उणें पडतें, इंजिन अतोनात तापतें आणि नवा घातलेला पिस्टन थोड्याच दिवसांत चिकटतो. दोष मात्र पिस्टनाच्या कारखानदारास दिला जातो!

यापुढचें काम मापाचें आहे, आणि तेथेंच विद्यार्थ्यांचा खरा लाभ आहे. जुन्या २५० जावाच्या सिलिंडराचा व्यास ६५ मि. मी. व पिस्टनाची धाव ७५ मि. मी. वर्तुळाचें क्षेत्रफळ गुणिले उंची, हें सूत्र पाठ करून परीक्षेनंतर विसरणाऱ्या मुलानें तें येथें लावून पाहावें; उत्तर सुमारें २४९ घन सें. मी. येईल. सिलिंडर झिजलें म्हणून तें ६५.५ मि. मी. पर्यंत बोर केलें तर किती वाढेल? सुमारें चार घन सें. मी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचें. ६५ मि. मी. चा पिस्टन १०० अंशांनीं तापला तर सुमारें १५ शतांश मि. मी. फुगतो, बीड तितक्याच उष्णतेनें याच्या निम्म्यानेंच फुगतें. म्हणून थंड असतांना दोहोंमध्यें अंतर ठेवावें लागतें. तें कमी पडलें तर इंजिन जाम होतें, अधिक झालें तर खडखडतें. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हें वाक्य फळ्यावर वाचणें निराळें आणि बोर-गेजच्या कांट्यावर तें डोळ्यांनीं पाहणें निराळें. बोर करण्यास सिलिंडर यवतमाळास वा अमरावतीस न्यावें लागलें तरी मुलास बरोबर पाठवावें.

'मुलास शिकवावयाचें तें हात काळे करण्यासाठीं काय?' असें विचारणाऱ्या पालकांस आमचा उलट प्रश्न आहे. खंडेनवमीस गाडीस झेंडूची माळ घालतां, तर तिच्या पोटांत काय आहे हें मुलास ठाऊक असण्यांत कमीपणा कसला? आपल्याच जिल्ह्यांतील शकुंतला गाडी पाहा. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर ही वाट चाललें. सत्तर वर्षें तें माळांवर चाललें नाहीं. ज्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत, अशा काळ्या हातांवर चाललें.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही उडवून लावीत नाहीं. या इंजिनास पेट्रोलांतच तेल मिसळून द्यावें लागतें, लिटरास सुमारें ४० मि. लि.; त्याचा धूर होणारच. रोज शाळा-बाजारास जाण्यासाठीं ही गाडी नव्हे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं सरकारनें २०२१ मध्यें वेगळे नोंदणीचे नियम केले, त्यांतहि नित्याच्या वापरास मनाई आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, तीहि लहान नव्हे. तथापि एक गोष्ट आजच सांभाळावी: इंजिनाचा क्रमांक पेटीवर ठोकलेला असतो, गंज घासतांना तो पुसूं देऊं नये, व कोणी दुसरी पेटी स्वस्तांत देतो म्हणून ती बसवूं नये, नाहीं तर कागद एका गाडीचे आणि इंजिन दुसरीचें होईल.

राहिला मिस्त्री. क्रँक दाबून बसविणें आणि शतांशांच्या मापांत सरळ फिरतो कीं नाहीं हें पाहणें, ही विद्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत आमच्या पाहण्यांत नाहीं. ती जाणणारे लोक आतां वृद्ध होत चालले आहेत आणि त्यांचीं मुलें दुसऱ्या धंद्यांत शिरलीं आहेत. येत्या मे महिन्याच्या सुटींत पालकांनीं गाडीबरोबर मुलासहि अशा मिस्त्रीकडे न्यावें, त्यास काका म्हणून हाक मारावयास सांगावें, आणि रंग व निकेल यांवर खर्च करण्यापूर्वीं त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. काम आठ दिवसांत मागूं नये. सुटे भाग येण्यासच कित्येकदां महिना लागतो.